पांढऱ्या पट्ट्यातला ठिपका

देवरेआप्पा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य असं होतं, "थोडं डावीकडे वळून बसा, उजवा कान बाहेर येतो." ओळख ना पाळख. नोकरीच्या अर्जाला लावायचा फोटो काढायला मी मेन रोडवरच्या एका स्टुडिओत गेलो होतो. कॅमेऱ्यामागे मालक उभे होते आणि आप्पा कोपऱ्यातल्या टेबलाशी पाठमोरे बसून काहीतरी कोरत होते. त्यांनी मला पाहिलं कधी हेच कळलं नाही. राग आला. घरी येऊन आरशात पाहिलं तर कान खरोखरच बाहेर येत होता. तोवरच्या आयुष्यात तो मला कधी खटकला नव्हता. त्यानंतर रोज दाढी करताना खटकतो.

पुढे एका सरकारी ऑफिसात मला ट्रेसरची, म्हणजे नकाशे उतरवून काढायची नोकरी लागली. पंचवटीत भाड्याची जागा मिळाली आणि शेजारचं दार आप्पांचं निघालं. हा योगायोग चांगला की वाईट, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आप्पा मूळचे नामपूरचे. नाशकात इतकी वर्षं काढून बोलणं शहरी झालं होतं, पण चिडले किंवा घाबरले की जीभ थेट बागलाणातल्या अहिराणीत जाऊन पोहोचायची. स्टुडिओत त्यांचं काम टचिंगचं. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. फोटो छापण्याआधी निगेटिव्हवर, म्हणजे जिच्यात काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं त्या फिल्मवर, टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देत चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, देवीचे व्रण नाहीसे करायचे. फिल्मवर कुठे धुळीने टाचणीएवढं भोक पडलं असेल तर ब्रशाच्या एका केसाने त्यात शाई भरायची. तिरक्या काचेवर निगेटिव्ह, काचेखाली दिवा, वर आप्पा वाकलेले. पेन्सिलीचं शिसं दोन बोटं बाहेर काढून पॉलिश पेपरवर घासून घेतलेलं. त्या पेन्सिलीला मालकांनी हात लावलेलाही त्यांना खपत नसे.

उभ्या नाशकात त्यांच्या तोडीचा टचिंगवाला नव्हता, असं लोक म्हणत. निम्म्या गावाच्या भिंतीवरचे आजोबा त्यांच्या हाताखालून गेलेले. रविवार कारंजावर एखाद्या माणसाकडे बघून ते हळूच सांगायचे, "कपाळावर तीन रेघा, एक मी ठेवली होती. सगळ्या घालवल्या असत्या तर बायकोनं ओळखलं नसतं."

ही सवय स्टुडिओत संपत नसे. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टावरचा दोरा उचलायचे. आमच्या घरी आले की भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. पंगतीत शेजारी बसले तर आपल्या पानातल्या भातातला खडा त्यांना आधी दिसायचा आणि ते तो काढूनही टाकायचे, विचारायचे नाहीत. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "ह्यांच्याशेजारी जेवायला बसलं ना मोरेभाऊ, की आपलं ताट तपासून मिळतं." आप्पा हसायचे नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचंच नाही.

दर रविवारी आप्पा कॅमेरा घेऊन जंगलात जायचे. त्यांना ह्या नादाला कोणी लावलं, हे मात्र पुष्कळ दिवस मला ठाऊक नव्हतं. त्यांनीच एकदा सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे न बघता पायरीवरची मुंग्यांची रांग बघत होते. मनमाडच्या रेल्वे कॉलनीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. लग्नासाठी दाखवायचा फोटो. मुलीच्या मानेवर भाजल्याची खूण, हनुवटीपर्यंत आलेली. वडील म्हणाले, एवढं तेवढं बघा. आप्पांनी बघितलं. दोन दिवस खपून अशी मान तयार केली की मालकांनी तो फोटो शोकेसमध्ये लावला. महिन्याभराने ती मुलगी एकटीच स्टुडिओत आली. मुलाकडचे घरी येऊन, तिला बघून, फोटो टेबलावर ठेवून उठून गेले होते. ती ओरडली नाही, रडली नाही. शोकेसमधला फोटो काढून द्या म्हणाली, आणि जाताना आप्पांपाशी थांबून म्हणाली, "काका, तुम्ही मला विचारलं असतं ना, तर मी सांगितलं असतं, राहू द्या म्हणून."

"मला विचारायचं सुचलंच नाही हो," आप्पा मला म्हणाले. "डाग दिसला की हात चालतो. त्यात विचारायचं काय?"

त्यानंतरच्या रविवारपासून आप्पा पाखरांचे फोटो काढायला लागले. कारण त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "पाखराला कोणी बघायला येत नाही." म्हणजे त्याला कांदेपोहे घेऊन पुढे यायचं नसतं, आणि म्हणून त्याचं काही झाकायचं नसतं.

हरसूलच्या रस्त्याला, फाट्यावर एसटीतून उतरून तासभर आत चाललं की एक झिरा होता. उंबराच्या मुळांमधून पाणी झिरपायचं आणि खाली खडकात बाजेएवढं डबकं साचायचं. बस, एवढंच. चैत्र लागला की आजूबाजूचे ओहोळ कोरडे पडत आणि तीन-चार डोंगरांची पाखरं ह्या बाजेएवढ्या पाण्यावर येत. बुलबुल, हळद्या, नाचण, लांब पांढरी शेपूट पाण्यात बुडवून अंघोळ करणारं बाणपाखरू. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ते डबकं बघून वाटलं, एवढ्यासाठी आपण स्कूटर एवढी लांब आणली? अर्ध्या तासाने मी श्वाससुद्धा हळू घेत होतो.

आप्पांकडे लांबचं टिपणारी मोठी लेन्स नव्हती. स्टुडिओने भंगारात काढलेला दोन भिंगांचा जुना कॅमेरा होता. त्याच्याने पाखरू टिपायचं तर पाखराने तीन-चार फुटांवर येऊन बसायला हवं. मग आप्पांनी जी रीत बसवली ती त्यांनाच जमली असती. पाण्याच्या काठाला एक वाळकी फांदी रोवली. तिच्यापासून चार फुटांवर पाचोळ्यात कॅमेरा पुरून ठेवला, फक्त भिंग बाहेर. भिंग त्या फांदीवरच नेमलेलं. जुन्या स्टुडिओत असायचा तसा रबरी फुगा एका लांब नळीने कॅमेऱ्याला जोडला आणि नळीचं दुसरं टोक घेऊन आप्पा मागे करवंदीच्या जाळीत बसले. पाखरू फांदीवर बसलं की फुगा दाबायचा. एक दाबला की संपलं. पुढचा फोटो हवा असेल तर उठून जायचं, कॅमेऱ्यातला रोल हाताने पुढे सरकवायचा, परत येऊन बसायचं आणि सगळी उडालेली पाखरं पुन्हा येईपर्यंत वाट बघायची. एका दिवसात तीन फोटो झाले तर आप्पा तो दिवस उधळपट्टीचा समजत.

जाळीत बसून ते पाखरांशी स्टुडिओतलंच बोलायचे, ओठ न हलवता. "हनुवटी जरा खाली... हं... हलू नका." मला हसू आवरायचं नाही. एक बुलबुल तर खरंच हनुवटी खाली घालून बसला होता, पाणी पिऊन झाल्यावर. तो फोटो त्यांनी मला दिला, तो माझ्याकडे आहे. पांढरा-काळाच. रंगीत रोल ते वापरत नसत, कारण तो धुवायला दुसऱ्याच्या हाती द्यावा लागे.

तिथे लक्ष्मण नावाचा वनमजूर होता, जवळच्या पाड्यावरचा. त्यानेच आप्पांना पहिल्यांदा सांगितलं, "आप्पा, इथं एक लाल पोटाचं पाखरू येतं. मुकं हाय. बसलं का बसलं, घंटाभर हालत नाय." आप्पांनी ते पुढच्या वर्षी स्वतः पाहिलं. काळं डोकं, गळ्याखाली पांढरा पट्टा, त्याखाली लालभडक छाती. फोटो मिळाला नाही, फांदीवर बसलंच नाही. वाचनालयातल्या पुस्तकात नाव सापडलं, कर्णा. पुस्तकातल्या नकाशात त्याच्या वस्तीचा रंग आमच्या जिल्ह्याच्या बराच खाली थांबत होता. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने ते पाखरू तिथे नव्हतंच.

एका मार्चमध्ये माझ्या टेबलावर एका रस्त्याचा नकाशा आला. फाट्यापासून आत, डोंगरापलीकडच्या खडीच्या खाणीपर्यंत. मी मुकाट्याने रेघ ओढत होतो आणि अर्ध्यात माझा हात थांबला. रेघ उंबरावरूनच जात होती. झिऱ्याच्या जागी मुरुमाचा भराव आणि खालून पाइपाची मोरी. ट्रेसरने नकाशाबद्दल मत द्यायचं नसतं. पण मी संध्याकाळी आप्पांना सांगितलं.

आप्पा उठून आत गेले आणि आमच्याकडच्या कोणत्याही माणसाने करू नये ते त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी थेट आमच्या साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

साहेब वाईट नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचंय. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देवरे, डबकं वाचवा असं मी वर लिहू शकत नाही, मला हसतील. पण इथे आजवर नोंद न झालेला पक्षी आहे, असं दाखवता आलं तर रेघ साठ-सत्तर मीटर खाली सरकवायचा शेरा मी मारीन. तेवढं माझ्या हातात आहे. कॉलेजातले एक प्राध्यापक माझ्या ओळखीचे आहेत, पक्ष्यांच्या नोंदी तेच तपासून पुढे पाठवतात. त्यांची सही आणा. त्यांना फोटो लागेल." आणि मुदत सांगितली, मेअखेर.

आप्पांनी स्टुडिओत दोन महिन्यांची रजा मागितली. तीस वर्षांत त्यांनी सलग आठवडाही घेतला नव्हता. मालकांनी त्याच वर्षी कॉम्प्युटर आणला होता आणि त्यावर बसायला एक तरुण मुलगा ठेवला होता, तो तासाभरात दहा चेहरे गुळगुळीत करायचा. मालक म्हणाले, "जा ना आप्पा, सावकाश या." आप्पा घरी येऊन मला म्हणाले, "काय दिलदार माणूस."

त्या दोन महिन्यांत मी त्यांना विझताना पाहिलं. रोज पहाटेची एसटी, दिवसभर जाळीत, संध्याकाळची शेवटची एसटी. डबा बरेचदा तसाच परत यायचा. ओठ फुटले, करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडले. रविवारी मी सोबत जायचो. पूर्वीची गंमत उरली नव्हती. बाणपाखरू येऊन फांदीवर असं बसायचं की कोणाचाही हात शिवशिवला असता, पण आप्पा फुगा दाबायचे नाहीत. रोल पुढे सरकवायला उठलो आणि नेमका तेवढ्यात कर्णा आला तर? बाकीची पाखरं त्यांच्यासाठी पाखरं राहिली नव्हती, अडथळा झाली होती. एकदा त्यांनी नाचणाला खडा मारून उडवलं. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

एप्रिलच्या शेवटी कर्णा आला. मी नव्हतो, हे लक्ष्मणने सांगितलं. पाखरू फांदीवर बसलं, आप्पांनी फुगा दाबला, कॅमेरा वाजलाच नाही. सकाळी नळी तपासताना एक फोटो उगाच खर्ची पडला होता आणि रोल पुढे सरकवायचा राहिला होता. पाखरू पंधरा मिनिटं बसून होतं. चार फुटांवर. आप्पा जाळीत बसून बघत राहिले, कारण उठले असते तर ते उडालं असतं. "आप्पा सोताच्याच मनगटाला चावत हुते," लक्ष्मण म्हणाला. "मला वाटलं फीट आली."

मे महिन्याच्या वीस-बावीस तारखेला दुपारी वहिनींनी आमच्या दाराची कडी जोरजोरात वाजवली. मी धावत गेलो तर न्हाणीघराच्या खिडकीवर अंधारासाठी घोंगडी लावलेली, आणि बाहेर येऊन आप्पा उभे, हात कोपरापर्यंत ओले. दोरीवर चिमट्याने टांगलेली फिल्म. त्यांनी बोटाने एक चौकोन दाखवला. मी उजेडाकडे धरून पाहिला. मला उलटं बघायची सवय नाही, तरी कळलं. समोरून बसलेलं पाखरू, डोकं फिकट, गळ्याखाली गडद पट्टा. "तठेच शे," आप्पा म्हणाले, "मी देखं, भाऊ. मी देखं." आणि ओल्या हातांनी त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांना मी एवढं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

संध्याकाळी पहिली प्रत काढून त्यांनी माझ्या हातात दिली. फोटो असा होता की बघत राहावं. शेपूट फांदीआड गेली होती, पण डोकं, पट्टा, छाती, सगळं लख्ख. फक्त त्या पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मध्यभागी एक काळा ठिपका होता, मोहरीहून लहान.

आता जे लिहितोय ते मी वहिनींनासुद्धा सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "आप्पा, हा ठिपका कसला?"

"धूळ," ते म्हणाले. "फिल्मला भोक पडलंय."

"वाईट दिसतो हो. नेमका पट्ट्यात."

एवढंच. मीही आयुष्यभर नकाशावरचे शाईचे डाग ब्लेडने खरवडत आलेलो माणूस. मला तो ठिपका डोळ्यांत खुपला आणि मी तोंड उघडलं. आप्पांना तो दिसला नसता असं नाही, त्यांना आधीच दिसला होता. पण मी बोललो नसतो तर कदाचित, कदाचित ते सकाळपर्यंत थांबले असते. ह्या 'कदाचित'ने मला पुष्कळ छळलं आहे.

दोन दिवसांनी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघे होतो. साहेब, प्राध्यापक, आप्पा आणि दारापाशी मी. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. प्राध्यापकांनी फोटो हातात घेतला आणि ते खुर्चीतून अर्धवट उठलेच. "अरे वा! देवरे, हे फार मोठं काम आहे. इतक्या उत्तरेला!" साहेब माझ्याकडे बघून हसले. रेघ सरकली, असं मला त्या क्षणी वाटलं. मनात मी नवा नकाशा काढायलाही घेतला होता.

"निगेटिव्ह आणलीय ना?" प्राध्यापकांनी विचारलं. "नियम आहे, बघावी लागते."

आप्पांनी पाकिटातून काढून दिली. प्राध्यापक खिडकीपाशी गेले. खिशातून भिंग काढलं. बघितलं. मग भिंग पुसून पुन्हा बघितलं.

"ह्या पट्ट्यात शाई आहे का?"

आप्पांची नजर निगेटिव्हवर.

"इथे फिल्मचा रवाळ दाणा दिसत नाही. बाहेरून काहीतरी भरलंय."

"हो," आप्पा म्हणाले.

"कोणी?"

"मी."

"का?"

"भोक होतं. ठिपका दिसत होता." आणि मग समजावून सांगावं तसं, "वाईट दिसत होता."

प्राध्यापकांनी भिंग हळूच मिटून खिशात ठेवलं. "देवरे, फोटो पांढरा-काळा. लाल रंग दिसत नाही. शेपूट फांदीमागे. हा कर्णा आहे हे मी कशावरून म्हणणार? ह्या पट्ट्यावरून. आणि हात लावलाय तो नेमका ह्याच पट्ट्याला."

"एकच टिंब आहे सर. बाकी सगळं त्याचं आहे. पाखराचं."

"मला पटतंय. पण निगेटिव्हवर काहीही केलेलं नाही, असं लिहून खाली मी सही करायची असते. कशी करू? आपण काम काय करता?"

आप्पांना खोटं बोलता आलं असतं. "टचिंग," ते म्हणाले.

साहेबांनी मान खाली घातली. कोणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. "ती शाई धुऊन काढता येत नाही का?" साहेबांनी विचारलं. आप्पांनी मान हलवली. त्यांची शाई एकदा मुरली की निघायची नाही. तीच तर त्यांची ख्याती होती.

जिन्यात मला त्यांचा भयंकर राग आला. इतका की मी खेकसलोच, "अहो, एवढा एक ठिपका तुम्हाला राहू देता आला नाही?" आप्पा कठड्याला धरून उभे राहिले. उजवा हात समोर धरून, तो दुसऱ्या कोणाचा असावा तसे त्याच्याकडे बघत म्हणाले, "मना हात ऐकस नही, भाऊ. काय करू? ऐकसच नही." मग मला माझी लाज वाटली, पण शब्द परत घेता येत नाहीत.

मुदतीला सात दिवस उरले होते. आप्पा त्याच दुपारी हरसूलच्या गाडीत बसले आणि मुदत संपेपर्यंत परत आलेच नाहीत, लक्ष्मणच्या पडवीत राहिले. रविवारी मी गेलो तेव्हा जाळीतून आवाज येत होता. "या. बसा. हलू नका. या ना." फांदीवर कोणी नव्हतं. आदल्या दिवशी वळीव कोसळून गेला होता आणि प्रत्येक खडकाच्या खळग्यात पाणी साचलं होतं. पाखरांना आता झिऱ्यावर यायची गरजच उरली नव्हती. हे मला दिसत होतं, लक्ष्मणला दिसत होतं. आप्पांना सांगायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही. आम्ही त्यांच्या मागे बसून राहिलो. उंबराच्या बुंध्यावर कोणीतरी लाल रंगाने तोडणीचा आकडा टाकून गेलं होतं.

दिवाळीनंतर रस्ता झाला. नकाशा मीच पुरा केला, न करून सांगतो कोणाला. आप्पांना स्टुडिओने सावकाशच ठेवलं, कायमचं घरी. ते दिवसभर ओट्यावर बसत. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मोरेभाऊ, हे आता कॅलेंडरसुद्धा सरळ करत नाहीत हो." आणि डोळ्यांना पदर लावला. मी एकदा मुद्दाम शर्टाला दोरा लावून त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी तो पाहिला आणि नजर वळवली.

पुढच्या वैशाखात लक्ष्मण एसटीने आमच्या ऑफिसात आला. पिशवीतून त्याने सागाच्या पानांचा पुडा काढून माझ्या ड्रॉइंग बोर्डावर ठेवला आणि उघडला. कर्णा होता. खडीच्या डंपरने उडवलेला, मोरीच्या तोंडाशी सापडलेला. "पाणी शोधाया आलं आसंल," लक्ष्मण म्हणाला. "सवं हुती ना त्याला तिथली." साहेबांनी येऊन पाहिलं. मग म्हणाले, "देवरेंना बोलवा. फोटो घ्यायला सांगा, नोंदीला लावू." आणि पाखराकडे बघत, "निदान नोंद तरी होईल."

मला वाटलं आप्पा येणार नाहीत. आले. कॅमेरा, तिकाटणं, फुगा, सगळं घेऊन आले. खिडकीतून दुपारचा चांगला उजेड बोर्डावर पडला होता. आप्पांनी पाखराकडे बघितलं आणि कामाला लागले. कॅमेरा तिकाटण्याच्या तीन पायांवर चढवला, भिंग नेमलं, वाकून काचेत पाहिलं. लाल छाती इतकी लाल होती की मी बघू शकलो नाही. गळ्याखालचा पट्टा पांढराशुभ्र, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. त्याच्यावर रस्त्यावरच्या मुरुमाचा एक कण चिकटलेला होता.

आप्पांचा हात पुढे गेला. करंगळीचं नख कणापर्यंत पोहोचलंच होतं. तिथे तो थांबला. मग त्यांनी हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट पकडलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन उभे राहिले.

"आप्पा, धूळ आहे ती," मी म्हणालो. "रस्त्याची आहे. झटका ना, कोणी काही म्हणणार नाही."

"नको," ते म्हणाले. "जसं शे तसं ऱ्हाऊ द्या. तुम्ही दाबा."

लक्ष्मणने फुगा उचलून माझ्या हातात दिला. मी आप्पांकडे बघितलं. ते पाखराकडे बघत होते, हात पाठीमागे गच्च धरलेले, आणि सवयीने ओठ पुटपुटले, "हलू नका." मी फुगा दाबला.